पेटी चौदा, टाचणी सहावी

झाकण उघडलं की आधी डांबरगोळीचा वास,
मग धूळ, मग माशी.
उजवा पंख कसरीने अर्धा नेलाय.
मागचा एक पाय गळून चिठ्ठीवर पडलाय,
स्वल्पविरामासारखा.

बेंगळूरहून पत्र आहे: सगळे नमुने नव्याने ओळखा,
जिल्ह्याचं नाव नव्या स्पेलिंगने लिहा,
तीस तारखेच्या आत.
चिकोडीच्या या कॉलेजात प्राणिशास्त्राला मी एकटीच उरलेय,
आणि करेप्पा, जो काचा पुसतो.

पुस्तक प्रश्नांच्या जोड्यांनी बोलतं.
छातीवर राठ केस असतील तर पाचवर जा,
नसतील तर दोनवर.
नाहीत. आहेत त्या काळ्या बारीक फोडी,
जणू कुणी सुईच्या टोकाने डांबर ठिपकवलंय.
पंखाची चौथी शीर काठापर्यंत पोचते,
की आधीच वळून तिसरीला मिळते?
धड उरलेला पंख दिव्याकडे धरला.
मिळते. काठाच्या अलीकडेच,
जशी आमच्याकडे वेदगंगा दूधगंगेत शिरते
आणि तिथून पुढे तिचं नाव कुणी घेत नाही.
कपाळावर खड्डे? आहेत, देवी येऊन गेल्यासारखे.
तोंड?

तोंड शोधायला वीस मिनिटं लागली.
भिंग बदललं, दिवा सरकवला,
स्पिरिटात भिजवलेल्या ब्रशने धूळ काढली.
जिथे असायला हवं तिथे
एक खाच, शिवून टाकलेल्या काजासारखी.

करेप्पाने खांद्यावरून डोकावलं. भिंग नको म्हणाला.
"ही तर आमच्या मेंढरांची नाकमाशी की ओ म्याडम."
आणि मान खाली घालून, पाय आपटून
अशी शिंक काढली की पेटीतल्या टाचण्या हलल्या.
रायबागकडे त्याच्या आजाचा कळप होता.
भर दुपारी ही आली की मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली
नाकं खुपसून उभी राहायची.
ही बसतसुद्धा नाही. उडता उडता
नाकपुडीत जिवंत अळ्या शिंपडून जाते.
मी पान दोनशे एकवर पोचले, त्याच नावापाशी,
तेव्हा तो खिडकीची तिसरी काच पुसत होता.

चिठ्ठी, तांदळाएवढ्या अक्षरांत:
"चिकोडी तालुका, बेळगाव, मुंबई राज्य. मार्च १९५४.
मेंढीच्या डोक्यातून अळ्या तीन.
चहाच्या डब्यात, वाळूत ठेवल्या.
एकच निघाली, सव्विसाव्या दिवशी. ज. बा. कुन्नूरकर."
खाली निळ्या बॉलपेनने गावाचं नाव कन्नडमध्ये.
त्यावर कुणाची तरी पेन्सिलीची काट.
काटेवरून खोडरबर, कागद पातळ होईपर्यंत.

या जिल्ह्यात फळ्यावर 'परजीवी' लिहिलं
की मागच्या बाकावर कुणीतरी कुणाकडे तरी बघून हसतं.
मी शब्द पुसते आणि माशीचंच बोलते:
मोठी झाल्यावर ही काही खात नाही.
उरलेले थोडे दिवस त्या जेवणावर काढते
जे अळी असताना झालं होतं,
आत, ओल्या अंधारात, दुसऱ्याच्या डोक्यात.

जुनी चिठ्ठी काढली नाही. नवी तिच्या खाली टोचली.
ईस्ट्रस ओव्हिस, मादी. जिल्हा, नव्या स्पेलिंगने.
'ओळखणारे' या शब्दापुढे
क. सिदनाळ, आणि मग माझं नाव.
(बेंगळूरला विचारतील, हे कोण. विचारू देत.)
गळलेला पाय डिंकाच्या थेंबाने
होता तिथेच चिकटवला,
'मुंबई' आणि 'राज्य' यांच्या मधे.

करेप्पा झाकण लावता लावता थांबला.
"डोक्यातून म्हणजे, शिंकून पडल्या,
का डोकं फोडून काढल्या?"
मी पुन्हा भिंग लावलं.
तारीख आहे, डबा आहे, वाळू आहे,
सव्वीस दिवस आहेत.
मेंढीबद्दल एवढंच:
मेंढी.